फ्रीमाँटचे ठिपके

१९८८ साली फ्रीमाँट आणि आसपासच्या आम्ही तीन कुटुंबांनी मिळून एक चार पानी पत्रक काढले होते. आमचे नातेवाईक तेव्हा लोद, दिमोना, अश्दोद, लंडन आणि ठाणे असे पाच ठिकाणी पांगलेले. प्रत्येकाला वेगळे पत्र लिहिणे कोणालाच जमत नव्हते. तेव्हा सर्वांची खुशाली एकत्र छापावी आणि पोस्टाने पाठवावी, एवढाच हेतू. पहिल्या अंकात मी माझ्या आजीचा फोटो घातला. मूळ फोटो अलिबागकडचा, तपकिरी पडलेला. आजी नऊवारीत, लाकडी खुर्चीवर बसलेली. मागे काळा पडदा, एकाच बाजूने खिडकीचा उजेड, कानात मोत्याची कुडी. एका ओळखीच्या गृहस्थांच्या संगणकावर तो फोटो चढवला, कागदावर काढला आणि त्याच्या चाळीस प्रती झेरॉक्स करून रवाना केल्या.

पंधरा-वीस दिवसांनी लोदहून आत्याचा फोन आला.

"अरे, हा फोटो कोणाचा छापलास?"

"आत्या, तुझ्या आईचा."

ती जरा वेळ काही बोलली नाही. त्या काळी परदेशी फोनचे मिनिटामिनिटाला पैसे पडत, तरी बोलली नाही. मग म्हणाली, "आई सावळी होती रे. कोळसा नव्हती."

पत्रक उघडून पाहिले. आत्याचे खरे होते. कपाळाचा एक पांढरा डाग आणि खुर्चीच्या हाताची एक रेघ सोडली तर बाकी सगळी काळी शाई. कुडी नव्हती, डोळे नव्हते, साडीची एक चुणी नव्हती. दोष यंत्राचा नव्हता, माझाच होता. फोटो चढवताना 'नुसते काळे-पांढरे' ही तऱ्हा मीच निवडली होती, कारण तिच्यात अक्षरे स्वच्छ उमटतात. या तऱ्हेचा कायदा सरळ आहे. अर्ध्याहून कमी उजेड असेल तर काळे, अधिक असेल तर पांढरे. गोऱ्या चेहऱ्यावर भरपूर उजेड पाडून काढलेला फोटो त्यात कसाबसा निभावतो. आपल्या कोकणातल्या माणसाचा, काळ्या पडद्यापुढे काढलेला, निभावत नाही.

तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. ज्या साधनाजवळ दोनच छटा आहेत, त्याच्याकडून चेहरा कसा काढवून घ्यायचा? या विद्येला इंग्रजीत डिदरिंग म्हणतात. शोध घेता घेता एक गोष्ट अशी कळली की मी थक्क झालो. या विद्येवाचून ज्यांचे चालत नव्हते अशी जगप्रसिद्ध यंत्रे माझ्याच गावात, माझ्या घरापासून काही मैलांवर तयार होत होती. म्हणून हा इतिहास फ्रीमाँटच्या वाटेने सांगतो.

मूळ प्रश्न मात्र फ्रीमाँटहून पुष्कळ जुना आहे. छापखान्यात करडी शाई नसते. काळी शाई असते आणि कोरा कागद असतो. १८७४ साली पुण्यात शिळाछापावर निघालेली हिब्रू-मराठी हगादा पुष्कळ वाचकांनी निदान चित्रात तरी पाहिली असेल. तिच्यात साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्सा करीत आहेत. तिच्याही आधी, १८४६ साली, मुंबईत अशीच एक हगादा शिळेवर छापली गेली होती. अशा छपाईत छाया दाखवायची तर चितारी रेघांची दाटी करी किंवा ठिपके टिंबटिंब मांडी. १८९४ साली मुंबईत निघालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्याची देवादिकांची चित्रे घ्या. भिंगाखाली धरली तर गालाची लाली म्हणजे बारीक ठिपक्यांचे मोहोळ दिसते. दगडावर हे ठिपके माणूस हाताने घालीत असे. कुठे दाट, कुठे विरळ, हे त्याच्या नजरेवर होते.

ठिपके घालण्याचे काम यंत्राकडे गेले ते हाफटोनमुळे. फॉक्स टॅलबॉट या इंग्रज गृहस्थाने १८५२ मध्ये जाळीचे कापड मधे धरून फोटो कोरण्याची कल्पना नोंदवली होती. न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक' पत्राने ४ मार्च १८८० रोजी झोपडवस्तीचा एक फोटो अशा रीतीने छापला. पण ही रीत धंद्यात पक्की झाली ती फिलाडेल्फियाच्या लेवी बंधूंच्या काचांनी. काचेवर अतिबारीक समांतर रेघा कोरायच्या, त्यांत काळा रंग भरायचा, आणि अशा दोन काचा काटकोनात चिकटवायच्या. या जाळीतून फोटो घेतला की गडद जागी मोठे ठिपके पडतात, फिक्या जागी लहान. थोरले बंधू लुई एडवर्ड लेवी बोहेमियातून लहानपणी अमेरिकेत आलेले. पुढे बंदरावर उतरणाऱ्या ज्यू स्थलांतरितांना आधार देणाऱ्या संस्थेचे ते अध्यक्ष झाले. हिंदुस्थानात या जाळीचे गणित सर्वांत खोलवर जाणले ते कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर राय यांनी. सत्यजित राय यांचे हे आजोबा. त्यांनी १८९५ मध्ये स्वतःचा कारखाना काढला आणि त्यांचे या विषयावरचे लेख विलायतेतल्या 'पेनरोज'च्या वार्षिकात छापले गेले. आपल्या आईवडिलांच्या पिढीने मराठी मासिकांत आणि वर्तमानपत्रांत जे फोटो पाहिले, ते सारे याच जातीच्या ब्लॉकांवरून उमटलेले. 'फोटो ब्लॉक करायला दिला आहे' हे वाक्य ज्यांनी छापखान्यात ऐकले आहे त्यांना अधिक सांगायला नको.

आता फ्रीमाँटकडे येतो.

हे गाव कागदोपत्री १९५६ चे. सेंटरव्हिल, नाइल्स, अर्विंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज अशी पाच गावे त्या वर्षी जानेवारीत एक झाली. त्यातले नाइल्स हे एके काळी सिनेमाचे गाव होते. एसने कंपनीचा स्टुडिओ १९१२ पासून १९१६ पर्यंत तिथे होता. चार्ली चॅप्लिनने १९१५ साली 'द ट्रॅम्प' तिथेच काढला. एसने या नावातला 'ए' ज्याचा, तो घोड्यावरचा नायक ब्राँको बिली अँडरसन, जन्माने मॅक्स ॲरनसन, ज्यू कुटुंबातला मुलगा. सिनेमा मधेच कुठून आला असे वाचकांना वाटेल. पण फिल्म हेसुद्धा दोन छटांचेच साधन आहे. फिल्मवरचा चांदीच्या क्षाराचा प्रत्येक कण धुताना एक तर पुरा काळा होतो, नाही तर धुऊन निघून जातो. अर्धवट काळा झालेला कण नसतो. कण इतके बारीक आणि इतके विस्कळीत पसरलेले असतात की आपल्या डोळ्याला मऊ छाया दिसते. चॅप्लिनच्या टोपीची सावली ही अशी कणाकणांची बेरीज आहे.

हे 'विस्कळीत' फार महत्त्वाचे. टेलिव्हिजनचे चित्र आकड्यांत बसवण्याचे प्रयोग बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत चालले होते, तेव्हा डब्ल्यू. एम. गुडॉल यांना १९५१ मध्ये एक अडचण दिसली. छटा थोड्याच ठेवल्या की गालावर, आभाळावर नकाशातल्या डोंगरासारखे पट्टे उमटतात. छटा मोजण्यापूर्वी चित्रात जरा गोंधळ, थोडी खरखर मिसळली, तर ते पट्टे मोडतात. पुढे लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी हाच विचार १९६२ च्या आपल्या निबंधात नीट मांडला. संगणकांचे जाळे ज्यांनी पुढे उभारले तेच हे रॉबर्ट्स. स्वच्छ चित्रात मुद्दाम घाण कालवायची आणि त्याने चित्र सुधारते, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला पटले नव्हते. डिदर या शब्दाचा जुना अर्थ थरथरणे, कापणे असा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांतील दातेरी चाकांची गणिती यंत्रे जमिनीवर अडखळत आणि हवेत विमानाच्या थरथरीने नीट चालत, अशी एक गोष्ट या शब्दाच्या संदर्भात सांगतात. खरी असो वा नसो, गोष्ट समजावून सांगायला चांगली आहे. अडकलेला दरवाजा आपण हलवून हलवूनच उघडतो.

नुसती खरखर मात्र चेहऱ्यावर देवीच्या वणांसारखी दिसते. त्यावर कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांनी १९७३ मध्ये एक शिस्तीचा उपाय दिला. ठिपक्यांच्या रांगोळीसारखा एक ठरीव चौकोन घ्यायचा, समजा चार बाय चार. त्यातल्या सोळा जागांना सोळा वेगवेगळ्या पायऱ्या नेमून द्यायच्या. पहिल्या जागेवर थोडा उजेड असला तरी पांढरा ठिपका, दुसऱ्या जागेवर पुष्कळ असला तरच. हा चौकोन चित्रभर ओळीने मांडत जायचा. दोन छटांच्या साधनातून अशा रीतीने सतरा छटांचा भास होतो आणि यंत्राला जवळपास काहीच कष्ट पडत नाहीत. दोष एवढाच की रांगोळीचे ठिपके दिसत राहतात. चेहऱ्यावर जणू विणलेले कापड पांघरले आहे असे वाटते. या बायर यांचे नाव आज आपल्या खिशातसुद्धा आहे. फोनच्या कॅमेऱ्यात लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची जी मांडणी असते ती त्यांचीच, १९७६ च्या पेटंटातली.

खरी कमाल केली ती रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांनी. फ्लॉइड हे स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. फ्रीमाँटकडून डम्बार्टनचा पूल ओलांडला की पलीकडे पालो आल्टो, तिथे हे विद्यापीठ. गृहस्थांनी डॉक्टरेट कधी केली नाही, तरी प्राध्यापक झाले आणि १९७८ मध्ये संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कारही त्यांना मिळाला. त्यांची आणि स्टाइनबर्ग यांची युक्ती १९७५ मध्ये प्रथम मांडली गेली आणि १९७६ मध्ये सविस्तर छापली गेली. अवघी तीन पाने. ती युक्ती सांगायला मला आपल्या जुन्या रुपयाहून चांगले साधन सापडलेले नाही. हिंदुस्थानात १९५७ च्या एप्रिलपासून दशमान नाणी आली, त्यामुळे धाकट्या वाचकांनी आणे पाहिले नसतील. त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की रुपयाचे सोळा आणे.

चित्र डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एकेक जागा घेत वाचायचे. एखादी जागा गडद करडी आहे. आपल्याजवळ काळा किंवा पांढरा एवढेच आहे, म्हणून ती काळी केली. पण मूळ जागा अगदी काळी नव्हती, तिच्यात थोडा उजेड होता. तो आपण दाबून टाकला. साध्या तऱ्हेत हा उजेड बुडीत खात्यात जातो, माझ्या आजीचा गेला तसा. फ्लॉइड-स्टाइनबर्ग म्हणतात, बुडवायचा नाही. ही जी बाकी राहिली तिला एक रुपया समजा आणि अजून न वाचलेल्या चार शेजाऱ्यांत वाटून द्या. सात आणे उजवीकडच्या शेजाऱ्याला, पाच आणे थेट खालच्याला, तीन आणे खाली डावीकडच्याला, आणि एक आणा खाली उजवीकडच्याला. सात, पाच, तीन, एक. सोळा आणे पुरे. शेजाऱ्याच्या खात्यात असे जमत जमत अर्ध्याच्या वर गेले की तो पांढरा होतो. पांढरा करताना जास्त दिले गेले तर तेवढे कर्ज पुढच्यांच्या नावावर पडते, त्याच वाटणीने. कोणाचे काही बुडत नाही.

सोळाच का? सोळाने भागणे यंत्राला फार स्वस्त पडते हे एक कारण. दुसरे असे की ही वाटणी अशी बेतली होती की बरोबर अर्ध्या छटेच्या जागी ठिपक्यांचा सोंगट्यांच्या पटासारखा सारखा पट उमटावा. मला या युक्तीत गणिताहून अधिक व्यवहार दिसतो. चूक टाळता येत नाही, दोन छटांत ती होणारच. पण ती जिथे झाली तिथेच पुरून टाकली नाही तर शेजारी मिळून ती भरून काढतात.

आता वॉर्म स्प्रिंग्ज. या पाचव्या गावात, वॉर्म स्प्रिंग्ज बुलेव्हार्डवर, ॲपल कंपनीचा मॅकिंटॉशचा कारखाना १९८४ च्या आरंभी उघडला. दर सत्तावीस सेकंदांना एक मॅकिंटॉश बाहेर पडतो, अशी त्याची ख्याती होती. ते यंत्र २४ जानेवारी १९८४ रोजी बाजारात आले. नऊ इंची पडदा, आडवे ५१२ आणि उभे ३४२ ठिपके. प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा. मधली छटा नाहीच.

एवढे महाग यंत्र, अडीच हजार डॉलरला पाच कमी, आणि त्यात एक करडा रंग नसावा? याचे उत्तर गुणाकारात आहे. ५१२ गुणिले ३४२ म्हणजे १,७५,१०४ ठिपके. प्रत्येकाला एकच खूण पुरते, काळे की पांढरे, म्हणून सबंध पडद्याला २१,८८८ बाइट स्मरण लागते. तेच प्रत्येक ठिपक्याला २५६ छटा द्यायच्या म्हटल्या तर १,७५,१०४ बाइट लागतील. आणि त्या यंत्राचे सगळे स्मरण होते १,३१,०७२ बाइट. म्हणजे करडा फोटो दाखवण्यातच यंत्र संपले असते, लिहायला-वाचायला काही उरलेच नसते. स्मरण तेव्हा महाग होते, म्हणून छटा नव्हत्या, आणि छटा नव्हत्या म्हणून ही युक्ती घरोघर गेली.

मॅकिंटॉशचे चित्रकाम ज्याच्या हातचे, तो बिल ॲटकिन्सन. ५ जून २०२५ रोजी तो वारला. त्याने फ्लॉइड-स्टाइनबर्ग यांच्या वाटणीत फेरफार केला. बाकीचा रुपया चार नव्हे तर सहा शेजाऱ्यांत वाटायचा, प्रत्येकाला सारखे दोन आणे. उजवीकडचे दोन, खालच्या ओळीतले तीन, आणि त्याच्याही खालचा एक. सहा दुणे बारा. उरलेले चार आणे? ते त्याने सोडून दिले, म्हणजे चक्क बुडवले. छपाईयंत्राच्या शाईफितीच्या जागी डोळा बसवून त्याचे चित्रवाचक यंत्र करणारे थंडरस्कॅन हे उपकरण १९८४ च्या अखेरीस निघाले. त्याचा कार्यक्रम लिहिणाऱ्या अँडी हर्ट्झफेल्डलाही ही विद्या ॲटकिन्सननेच शिकवली.

चार आणे बुडवल्याने काय होते, हे मी कागद-पेन्सिल घेऊन एकदा करून पाहिले. छटा ० पासून २५५ पर्यंत धरा, शून्य म्हणजे गच्च काळे. फोटोत एक बराच गडद तुकडा आहे, सगळीकडे २०. फ्लॉइड-स्टाइनबर्ग यांच्या पूर्ण वाटणीत तिथे साधारण तेरा ठिपक्यांत एक पांढरा पडतो. काळोख खरा, पण त्यात चांदणी आहे. ॲटकिन्सनच्या वाटणीत बाकी वाढत वाढत ८० च्या आसपास थबकते, कारण दर फेरीला चार आणे गळतात. पांढरे होण्यासाठी १२८ लागतात. म्हणून एकही पांढरा ठिपका पडत नाही. ३२ च्या खालचे सगळे गच्च काळे, तसेच २२३ च्या वरचे सगळे कोरे पांढरे. त्याच्या मोबदल्यात मधल्या छटा कशा कोरून काढल्यासारख्या उठतात! नऊ इंची लहान पडद्यावर हेच शोभून दिसते. त्या काळच्या मॅकिंटॉशच्या चित्रांना जो एक टवटवीतपणा होता, तो या बुडालेल्या चार आण्यांचा. मी त्याला दोष देत नाही. तो पडद्याकडे पाहत होता. माझ्या डोळ्यापुढे काळ्या पडद्याशी बसलेली एक बाई होती.

पुढे १९८७ मध्ये रंगीत मॅकिंटॉश आला, स्मरण स्वस्त होत गेले, आणि वॉर्म स्प्रिंग्जचा कारखाना १९९२ मध्ये बंद पडला. त्याच फ्रीमाँटमध्ये स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीचाही कारखाना होता. तिचे काळे चौकोनी यंत्र १२ ऑक्टोबर १९८८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत लोकांपुढे आले. पडदा मोठा, ११२० बाय ८३२, आणि छटा दोनाच्या चार झालेल्या: काळी, गडद करडी, फिकी करडी, पांढरी. दोनच छटा वाढल्या तर काय झाले असे वाटेल, पण ठिपक्यांचा खडखडाट एकदम निवतो. पायऱ्या जवळ आल्या की बाकी लहान राहते, हे साधे गणित. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळ वेबचे पहिले काम केले ते याच जातीच्या यंत्रावर. नेक्स्टने १९९३ मध्ये यंत्रे बनवणे सोडले आणि फ्रीमाँटमधला हा अध्याय मिटला.

यंत्रांना छटा आल्या म्हणून ठिपक्यांचे काम संपले असे मात्र नाही, कारण छापण्याचे साधन आजही तिथेच आहे. शाई पडते किंवा पडत नाही. १९८५ च्या लेझर प्रिंटरांत इंचाला ३०० ठिपके होते. ते आठ-आठच्या चौकोनांत एकवटून हाफटोनसारखे लहानमोठे ठिपके केले, तर ६५ छटा मिळत, पण इंचात जेमतेम साडेसदतीस ओळी उरत. गावच्या वर्तमानपत्राचा ब्लॉकसुद्धा याहून बारीक असे. उलट फ्लॉइड-स्टाइनबर्ग यांचे सुटे ठिपके बारीक, पण लेझरची भुकटी एकट्या ठिपक्याला नीट धरत नाही. शिवाय झेरॉक्सच्या काचेवर गेले की गडद जागचे सुटे पांढरे ठिपके बुजून जातात. म्हणून पडद्यावर जे उत्तम ते कागदावर उत्तम असेलच असे नाही. ठिपके सुटे असावेत पण ना रांगोळीसारखे रेखीव, ना नुसती खरखर, कसे असावेत याचा शास्त्रीय विचार रॉबर्ट उलिच्नी यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात केला. हा विषय ज्यांना खोलात पाहायचा असेल त्यांनी तिथूनच आरंभ करावा.

या छपाईच्या धाग्याने फ्रीमाँट आणि इस्राएल एकमेकांशी बांधले गेले आहेत. लोद-रामलेच्या आपल्या मंडळींना हर्त्झलियातल्या सायटेक्स कंपनीचे नाव ठाऊक असेल. यरुशलेमला जन्मलेल्या एफी अराझी यांनी ती १९६८ मध्ये काढली. कंपनीचा आरंभ कापडावरच्या नक्षीच्या कामाने झाला. कापड म्हणजे तरी काय, उभा धागा वर किंवा खाली, दोनच छटा! तिथून सायटेक्स छपाईच्या रंगीत चित्रांकडे वळली आणि जगभरच्या मासिकांची चित्रे तिच्या यंत्रांतून जाऊ लागली. १९८८ मध्ये, म्हणजे माझे चार पानी पत्रक निघाले त्याच वर्षी, अराझी यांनी कॅलिफोर्नियात दुसरी कंपनी काढली. स्वतःच्याच नावाची आद्याक्षरे जुळतील असे नाव ठेवले: इलेक्ट्रॉनिक्स फॉर इमेजिंग, थोडक्यात ईएफआय. तिचे फायरी हे यंत्र १९९१ चे. रंगीत झेरॉक्स यंत्राला संगणकाची भाषा शिकवणारे आणि कोणत्या रंगाचा ठिपका कुठे पडायचा ते ठरवणारे. ही कंपनी २०१३ मध्ये फ्रीमाँटला, डम्बार्टन पुलाच्या अलीकडे, राहायला आली. अराझी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले. फायरी पुढे वेगळी कंपनी झाली आणि २०२४ च्या डिसेंबरात जपानच्या सायको एप्सनने ती घेतली.

आणखी एक दुवा सांगून गावाचा विषय पुरा करतो. पुस्तके वाचण्याची जी पाटी हल्ली पुष्कळांच्या हातात दिसते, तिच्या पडद्यामागे दिवा नसतो, काळेपांढरे रंगकण खालीवर होतात. तिला साधारणपणे सोळा छटा येतात. अशा विद्युत-कागदावर काम करणारी सायपिक्स ही कंपनी फ्रीमाँटचीच. २०१२ मध्ये ई इंकने ती घेतली. आता या कागदाला रंग आले आहेत, पण नव्या जाहिरात-फलकांच्या जातीत ते अवघे सहा: काळा, पांढरा, पिवळा, लाल, निळा, हिरवा. सहा रंगांत माणसाची कातडी दाखवायची म्हणजे पुन्हा बाकी आणि शेजारी आले. १९७५ सालची ती वाटणी अजून रोजच्या उपयोगात आहे ती अशी.

आत्या आता नाही. तिच्या मुलीने गेल्या वर्षी लोदहून मला कळवले की घर बदलताना आजीचा एकही फोटो सापडला नाही, माझ्या पत्रकाचा तो काळा कागद मात्र आत्याने जपून ठेवलेला निघाला. तेव्हा मूळ फोटो पुन्हा काढला. माझा नातू जवळ बसला आणि त्याने संगणकावर चारही तऱ्हा करून दाखवल्या. साध्या तऱ्हेत पुन्हा तोच कोळसा. बायर यांच्या चौकोनात चेहरा आला, पण गालावर चटईचे वळ. ॲटकिन्सनच्या बारा आण्यांत डोळे आणि ओठ इतके रेखीव उठले की नातू म्हणाला, "आजोबा, हाच घेऊ या." मी त्याला साडी दाखवली. पदर कुठे संपतो आणि पडदा कुठे सुरू होतो ते त्यात कळत नव्हते, दोन्ही मिळून एकच काळे पाणी. सोळा आण्यांच्या वाटणीत चेहरा जरा मऊ पडला, पण नऊवारीच्या चुण्या एकेक मोजता येत होत्या, पडद्याला घडी होती, आणि कानापाशी, सगळ्या काळ्यात, कुडीचा मोती दिसत होता. तो मोती म्हणजे तीन पांढरे ठिपके आहेत.

आज छटांची अडचण नाही, साधा करडा फोटोच पाठवता आला असता, आणि तोही पाठवला. पण त्या पत्रकाची चूक त्याच भाषेत दुरुस्त करावी असे मनात होते. म्हणून काळे-पांढरे ठिपकेच, मोठे करून, चांगल्या कागदावर, झेरॉक्स न करता छापून घेतले. आत्याच्या मुलीने ते बैठकीच्या खोलीत लावले आहे. जवळून पाहिले तर नुसते टिंबटिंब दिसते, म्हणून खोलीच्या दारातूनच पाहायचे असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला बजावते.